घरच्या गॅरेजमध्ये कार लिफ्ट: जमीन तपासण्यापासून पहिली गाडी चढवेपर्यंत

लिफ्ट घ्यायची ठरली की कॅटलॉग उघडण्याआधी हॅमर ड्रिल काढा. गॅरेजच्या जमिनीला छिद्र पाडून पाहिल्याशिवाय कुठली लिफ्ट घ्यायची हे ठरवताच येत नाही. मोटर, सिलेंडर, खांब हे सगळं कारखान्यात तपासून येतं. जमीन मात्र तुमची असते, आणि गाडीचा सगळा भार शेवटी प्रत्येक खांबाच्या पाच-सहा बोल्टांतून तिच्यातच उतरतो. म्हणून या लेखातला क्रमही तसाच आहे: आधी जमीन, मग उंची, मग लिफ्टचा प्रकार, आणि त्यानंतर बसवणी.

जमिनीची परीक्षा

खांब जिथे उभे राहतील त्या जागी ८ किंवा १० मिमी बिटने स्लॅबला आरपार छिद्र पाडा. खालून वीज, पाणी किंवा फरशी गरम ठेवणाऱ्या पाइपांची लाइन गेलेली नाही याची खात्री आधी करून घ्या. मग एक कडक तार घ्या, टोकाला काटकोनात छोटा आकडा वाकवा, छिद्रातून खाली सोडा, स्लॅबच्या खालच्या कडेला अडकवून वर ताणा आणि जमिनीच्या पातळीवर तारेला खूण करा. आकड्यापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे काँक्रीटची खरी जाडी. प्रत्येक खांबाच्या जागी निदान दोन ठिकाणी मोजा. दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीलगत काँक्रीट अनेकदा मुद्दाम जाड ओतलेलं असतं. तिथे १५० मिमी मिळाले म्हणून निर्धास्त व्हाल आणि मधे ८० निघतील. मापं झाली की छिद्रं इपॉक्सीने भरून टाका.

चार टनांच्या आसपासच्या दोन खांबी लिफ्टसाठी (दोन उभे खांब, प्रत्येकावर गाडीला खालून उचलणारे दोन आर्म) बरेच उत्पादक किमान १०० ते ११० मिमी जाडी आणि सुमारे २१ मेगापास्कल (३००० पीएसआय) ताकदीचं काँक्रीट मागतात. काही मॉडेलांना १५० मिमी किंवा त्याहून जास्त लागतं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा हाच अंतिम. आणि ही जाडी निव्वळ काँक्रीटची. वरचा सिमेंटचा थर, टाइल, डांबर काहीही त्यात धरायचं नाही. टाइलवर खांबाचा तळपत्रा ठेवून बोल्ट आवळले, तर आज टॉर्क (नट आवळण्याचा ठरलेला जोर) लागेल, पण टाइल हळूहळू चुरडली जाते आणि बोल्ट सैल पडतात. खांबाखालची टाइल काढूनच टाकायची. काँक्रीट जुनं असेल आणि ताकदीबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमरने (काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) अंदाज घेता येतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढून तपासणं अधिक खात्रीचं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते एका ढोबळ हिशेबातून कळतं. गाडी २००० किलोची आहे, म्हणजे प्रत्येक खांबाच्या वाट्याला १००० किलो. हा भार खांबाच्या डोक्यावर नसतो, तो आर्मच्या टोकाला, तळपत्र्याच्या आतल्या कडेपासून साधारण ७० सेमी आत असतो. खांबाला तो आत ओढतो, आणि त्याला धरून ठेवतात तळपत्र्याच्या बाहेरच्या बाजूचे बोल्ट. हे बोल्ट आतल्या कडेपासून ३५ सेमीवर असतील तर त्यांच्यावर वर खेचणारा जोर १००० × ७० ÷ ३५, म्हणजे २००० किलो येतो. एका खांबाच्या दोन-तीन बोल्टांवर अख्ख्या गाडीइतकी ओढ! हे बोल्ट नुसते दाबून बसलेले नसतात, ते काँक्रीटमधून उपटले जाऊ पाहत असतात. पातळ किंवा भुसभुशीत काँक्रीट अशा वेळी शंकूच्या आकारात उखडतं.

काही ठिकाणी मात्र दोन खांबी लिफ्टचा विचारच सोडून द्यावा. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, ड्रिल त्यातल्या एकीला लागलं तर ती प्रचंड जोराने सुटते. खाली तळघर असलेला अधांतरी स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून लेखी दिल्याशिवाय काहीही बसवू नका. सांधे आणि तडे यांपासून अँकर (खांबाला काँक्रीटमध्ये धरून ठेवणारा बोल्ट) निदान १५० मिमी दूर हवा.

स्लॅब कमी पडला तर वाईट वाटून घेऊ नका, उपाय आहे. प्रत्येक खांबाखाली साधारण १.२ × १.२ मीटरचा चौकोन कापून ३०० मिमी खोल फुटिंग (काँक्रीटचा जाड पाया) ओततात, किंवा दोन्ही खांबांना जोडणारी एकच पट्टी ओततात. सळयांची जाळी टाकतात, आणि जुन्या स्लॅबच्या कडेत आडव्या सळया इपॉक्सीने बसवून नवं-जुनं एकमेकांत बांधतात. नक्की माप आणि सळया मॅन्युअलमधल्या आराखड्याप्रमाणे. काँक्रीट एम२५ (२५ मेगापास्कल ताकदीचं) घ्या, व्हायब्रेटर फिरवा, आठवडाभर पृष्ठभाग ओला ठेवा आणि अँकर ठोकण्याआधी पूर्ण २८ दिवस थांबा. सात दिवसांत ताकद जेमतेम दोन तृतीयांशापर्यंत येते. वरून ते दगडासारखं दिसतं, आणि तिथेच घाई होते.

उंचीचा हिशेब

गाडीखाली ताठ उभं राहायचं असेल तर पॅड (आर्मच्या टोकाचे, गाडीखाली टेकणारे रबरी तुकडे) जमिनीपासून १.८ मीटर तरी वर जायला हवेत. गाडीची उंची घ्या, त्यातून उचलण्याच्या जागेची जमिनीपासूनची उंची (साधारण २० सेमी) वजा करा, आणि त्यात १.८ मीटर मिळवा. १.५ मीटर उंचीच्या सेडानचं छप्पर ३.१ मीटरवर पोचेल, १.८ मीटरच्या एसयूव्हीचं ३.४ वर. वर बोटभर नव्हे, निदान १० सेमी मोकळी जागा ठेवा. गाडी वर असताना बॉनेट किंवा डिकी उघडायची असेल तर त्याची उंची वेगळी मोजा.

छताचं माप घेताना स्लॅबपर्यंत न मोजता सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मोजा: बीम, दिवा, पंखा, दाराचा रूळ. वर सरकणारं दार उघडल्यावर गॅरेजच्या मध्यापर्यंत येतं आणि नेमकं वर गेलेल्या गाडीच्या छपरावर बसतं. त्यासाठी रूळ छताला लागून उंच नेणं आणि मधली मोटर काढून बाजूच्या शाफ्टवर बसणारी मोटर घेणं हा रुळलेला मार्ग आहे. ते काम लिफ्ट येण्याआधी करा.

छत ३ मीटरच्या खाली असेल तर हताश होऊ नका. अर्ध्या उंचीवर गाडी धरून चाकाच्या स्टुलावर बसून केलेलं काम जॅकखाली पाठीवर झोपून केलेल्या कामापेक्षा कितीतरी बरं.

कुठला प्रकार घ्यावा

दुरुस्ती करायची असेल तर दोन खांबी लिफ्ट. चारही चाकं मोकळी लटकतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, सायलेन्सर सगळं हाताशी येतं. दुसरं काहीही घेतलंत तरी कधी ना कधी हिची आठवण येईल. तिच्यात दोन रचना असतात. एकीत खांबांना वरून जोडणारा आडवा बीम असतो आणि पाइप-केबल त्यातून जातात. जमीन मोकळी राहते, पण उंची साधारण साडेतीन मीटर किंवा अधिक लागते. दुसरीत जोडणी जमिनीवरच्या पत्र्याखालून जाते, खांब पावणेतीन-तीन मीटरचे असतात. ठेंगण्या गॅरेजला ती चालते. गिअरबॉक्स जॅक मात्र त्या पत्र्याच्या उंचवट्यावरून ढकलावा लागतो.

आर्म सिमेट्रिक की असिमेट्रिक, हाही प्रश्न येतो. असिमेट्रिकमध्ये पुढचे आर्म आखूड आणि मागचे लांब असतात, खांब थोडे फिरवलेले असतात, त्यामुळे गाडी मागे सरकून उभी राहते आणि दार खांबाला आपटत नाही. रोजच्या मोटारींसाठी हीच रचना सोयीची. लांब, मागे भार असलेल्या पिकअप किंवा व्हॅनला सिमेट्रिक.

चार खांबी लिफ्टवर गाडी चाकांवर उभी राहते. एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या असतील, तेल बदलायचं असेल, खालून पाहणी करायची असेल तर ती सर्वांत निवांत. भार चार कोपऱ्यांत सरळ खाली जातो, म्हणून काँक्रीटवर ओढ कमी येते आणि काही मॉडेलांना अँकरही लागत नाहीत. चाक काढायचं असेल तर मात्र दोन पट्ट्यांमध्ये सरकणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो. खाली दुसरी गाडी ठेवणार असाल तर तेलाचे थेंब झेलणारे ट्रे लावायला विसरू नका.

सिझर लिफ्ट साधारण मीटर-सव्वा मीटर उचलते. टायर आणि ब्रेकच्या कामाला उत्तम, पण गाडीचा मधला भाग तिच्याच सांगाड्याने झाकला जातो. जागा किंवा उंची अगदीच नसेल तर उचलून बाजूला ठेवता येणारी हायड्रॉलिक जोडी मिळते.

क्षमता निवडताना गाडीच्या एकूण वजनावर थांबू नका. ४००० किलोच्या लिफ्टचा प्रत्येक आर्म १००० किलोसाठी असतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन आर्मवर येतो. ३२०० किलोच्या गाडीत तो १९२० किलो, म्हणजे प्रत्येक पुढच्या आर्मवर ९६० किलो. कागदावर ८०० किलोची सवड दिसते, आर्मवर ती जेमतेम ४० किलो उरते. बॅटरीवरच्या मोटारी त्याच आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जड असतात, तेही धरा.

प्रमाणन बघूनच घ्या: एएलआयचं (अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं) लेबल किंवा ईएन १४९३ या युरोपीय मानकानुसार तपासणी. जुनी लिफ्ट घेत असाल तर त्या मॉडेलचं मॅन्युअल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. जुने अँकर फेकून द्या, आवळल्यावर काँक्रीटला धरण्यासाठी पसरलेली त्यांची कॉलर पुन्हा तशी धरत नाही.

वीज

घरगुती लिफ्टची मोटर बहुधा दीड किलोवॅटची, सिंगल फेज २२०–२४० व्होल्टची असते. तिच्यासाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. थोड्या अंतरासाठी ४ चौमिमी तांब्याची वायर आणि २५ ॲम्पिअरचा सी प्रकारचा एमसीबी ही सामान्य जोडी आहे, पण मोटरवरची पाटी वाचून इलेक्ट्रिशियनलाच ठरवू द्या. अर्थिंग पक्कं हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर लिफ्ट चालवायची नाही. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते, गाडी अर्ध्यावर अडकते आणि वाइंडिंग तापून जातं. थ्री फेज मोटर चालू होऊनही लिफ्ट हलत नसेल तर ती बहुधा उलटी फिरते आहे. लगेच बंद करा, पंप कोरडा फिरू देऊ नका, आणि कुठल्याही दोन फेजच्या वायरी आलटूनपालटून जोडा.

आखणी आणि उभारणी

दोन खांबी लिफ्टचं काम तीन माणसांचं आणि पूर्ण दिवसाचं आहे. एकेक खांब दोनशे किलोच्या घरात असतो. तो चेन पुली किंवा इंजिन क्रेननेच उभा करा, आणि अँकर आवळेपर्यंत दोरीने किंवा पट्ट्याने बांधून ठेवा.

१. गाडी ज्या रेषेत आत येईल ती मध्यरेषा खडूच्या दोरीने मारा. तिला काटकोनात खांबांची रेषा घ्या. काटकोनासाठी ९०–१२०–१५० सेमीचा त्रिकोण पुरेसा आहे. दोन्ही तळपत्र्यांचे बाहेरचे कोपरे आखा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत ५ मिमीहून जास्त फरक असेल तर पुन्हा आखा. गाडीच्या पुढे-मागे आणि खांबांबाहेर माणूस फिरेल एवढी, निदान ६० सेमी जागा सोडा.

२. मोटर बसणारा मुख्य खांब आधी उभा करा. ओळंबा दोन्ही दिशांनी बघा. दुसरा खांब जागेवर ठेवा, वरचा बीम जोडा, आणि मगच त्याची छिद्रं पाडा. आधीच पाडलीत तर बीमची भोकं जुळणार नाहीत.

३. छिद्र तळपत्र्याच्या भोकातूनच पाडा. १९ मिमीचा वेज अँकर असेल तर बिटही १९ मिमीचं आणि नवं कोरं. झिजलेल्या बिटने भोक आवळतं, डगमगत धरलेल्या ड्रिलने ते फुगतं आणि अँकर आत गरगर फिरतो. ड्रिल उभं आहे ना, हे दुसऱ्या माणसाने बाजूने पाहत राहावं.

४. भोक साफ करा. ब्रशने घासा, हवा मारा, परत घासा, परत हवा मारा. या पायरीत आळस करणारे फार. तळाशी राहिलेली भुकटी अँकरच्या कॉलरभोवती दाबली जाते, पाना टॉर्क दाखवतो, आणि पहिल्या काही फेऱ्यांत तीच भुकटी सरकून बोल्ट ढिला होतो.

५. नट अँकरच्या वरच्या टोकाशी समपातळीत ठेवून हातोडीने ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. वॉशर तळपत्र्याला टेकेपर्यंत आत न्या.

६. खांब ओळंब्यात आणण्यासाठी तळपत्र्याखाली शिम (धातूच्या पातळ चकत्या) सरकवा. ते घोड्याच्या नालेसारखे, अँकरला कवेत घेणारे हवेत. वॉशरची चळत चालत नाही. बरेच उत्पादक एकूण १३ मिमीपर्यंतच शिम चालवून घेतात. त्याहून जास्त उतार असेल तर जमीनच नीट करावी लागते. तळपत्र्याचा एखादा कोपरा अधांतरी राहिला तर नट आवळताना तो वाकतो.

७. टॉर्क पान्याने आवळा. १९ मिमी अँकरसाठी उत्पादकानुसार ११५ ते २०० न्यूटन-मीटर असा आकडा असतो. इम्पॅक्ट गन वापरू नका, तिच्यात हाताला काहीच कळत नाही. चांगल्या काँक्रीटमध्ये नट दोन-तीन वेढ्यांतच घट्ट होतो आणि पान्याचा टक् आवाज येतो. पाच वेढे झाले, अँकर वर सरकतो आहे आणि पाना अजून मऊच लागतो, तर त्या जागी काँक्रीट धरत नाही. त्याच भोकाशेजारी दुसरा अँकर ठोकणं हा उपाय नाही. खांब मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने सरकवा किंवा फुटिंग ओता.

केबल, पाइप, तेल

दोन्ही बाजूंच्या कॅरेज (आर्म धरून खांबात वर-खाली सरकणारे भाग) एकाच उंचीच्या लॉकच्या दातावर टेकवा आणि जमिनीपासून दोन्हींची उंची मोजून खात्री करा. मग समतोल राखणाऱ्या केबल ओढून घ्या. हाताने दाबल्यावर १०–१५ मिमी हलतील इतका ताण बहुतेक ठिकाणी पुरतो. वर जाताना दोन्ही खांबांचे लॉक एकदमच टक् करायला हवेत. एक आधी, एक नंतर असा आवाज आला तर मागे पडणाऱ्या बाजूच्या केबलचा नट फिरवून जुळवा.

हायड्रॉलिक पाइपांच्या निमुळत्या तोंडाच्या फ्लेअर जोडांना टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे धातूवर धातू बसून गळती थांबते. टेपचा तुकडा तेलातून वाहत व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो, आणि मग लिफ्ट उभ्या-उभ्या हळूहळू खाली सरकते.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, साधारणपणे आयएसओ ३२ किंवा ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल, १० ते १५ लिटर. इंजिन ऑइल नको, ब्रेक फ्लुइड तर नकोच, त्याने सील फुगतात. लिफ्ट पूर्ण खाली असतानाच टाकी भरा, नाहीतर खाली येताना तेल बाहेर येईल. रिकामी लिफ्ट तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. हवा राहिली तर लिफ्ट धक्के देत चालते.

पहिली गाडी

पहिल्या दिवशी हलकी गाडी घ्या. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या उचलण्याच्या जागांखालीच पॅड लावा. खालच्या पत्र्याची शिवण चेपू नये म्हणून खाच असलेला ॲडॉप्टर वापरा. बॅटरीवरच्या गाडीत पॅड बॅटरीच्या पेटीला टेकता कामा नये. आर्म वर सुटताच त्यांचे दातेरी लॉक बसले का, हे हाताने ढकलून पाहा.

चाकं जमिनीपासून १०–१५ सेमी सुटली की थांबा. बंपरला धरून गाडी पुढे-मागे आणि आडवी हलवा. पॅड घसरतो का, गाडी एका टोकाला झुकते का? थोडी जरी शंका आली तरी खाली उतरवून पॅड बदला. ठीक असेल तर हव्या उंचीपेक्षा जराशी वर न्या आणि परत खाली आणून लॉकवर टेकवा. गाडीखाली जायचं ते लॉकवर टेकल्यावरच, तेलाच्या दाबावर अधांतरी असताना कधीही नाही.

इंजिन किंवा मागचा ॲक्सल काढायचा असेल तर आधी उंच स्टँड लावा. पुढून दोनशे किलो उतरले की गाडीचा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि मघाशी स्थिर असलेली गाडी मागे कलंडू शकते. गंजलेल्या बोल्टवर लांब पाइप लावून जोर काढतानाही स्टँड हवेत.

गाडी उतरवल्यावर सगळ्या अँकरांचा टॉर्क पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने परत पाहा, त्यानंतर महिन्यातून एकदा. सुरुवातीला नट थोडा फिरणं साहजिक आहे. तोच अँकर दर वेळी फिरत असेल तर लिफ्टवर पाटी लावून ती बंद ठेवा.

महिन्याच्या तपासणीत केबलवरून जुना कापडी बोळा फिरवा. तुटलेली तार कापडाला लगेच ओढते, डोळ्यांना ती दिसायच्या आधी. पॅडचं रबर चिरलं असेल तर बदला, कॅरेजच्या सरकत्या ठोकळ्यांना ग्रीस लावा, लॉकच्या स्प्रिंगा साफ करा. गाडी रात्रभर वर ठेवायची झाली तर लॉकवर टेकवून खांबाला पेन्सिलीची खूण करा. सकाळी कॅरेज त्या खुणेच्या खाली दिसली तर लॉक नीट बसलेला नव्हता. तेव्हा गाडीखाली न जाता आधी स्टँड लावा, आणि लॉक उघडून पाहा.